रामबागेतला कडुनिंब

वादळात पडलेला मावशीच्या वाड्यातला कडुनिंब आज एकदाचा आरा मशीनवर पोहोचला. नगर निगमच्या (महापालिकेच्या) परवानगीचे कागद आधीच झाले होते. आठ फूट लांब, दोन फूट जाड ओला ओंडका सहज ६०० किलो भरतो. उचलायचं नावच नको! ट्रॉलीला दोन फळ्या तिरप्या टेकवल्या, दोर टाकले आणि पलीकडून ओढत गडगडत वर चढवला. ‘शेवटी जळाऊच ना’ म्हणणाऱ्या काकांनाच सगळ्यांत जास्त जोर चढला होता.

मशीनवाल्याने आधी खिळे शोधले. कपडे वाळत घालायच्या तारेचे, दुसरं काय! एकाभोवती लाकूड चक्क काळं पडलेलं. टोकांना लगेच रंग फासला, नाहीतर तडे जातात. इंचभर जाडीच्या फळ्या आता मध्ये पट्ट्या देऊन वर्षभर सावलीत वाळणार. मावशीला झोपाळ्याचा पाट हवाय, काकांना देव्हारा. बघू किती निघतंय.