सुई, पण दुसऱ्या नंबरची

परवा रत्नागिरी स्टँडवर माझी शाळेतली मैत्रीण भेटली, कडेवर पोरगं, आणि चहा घेता घेता तिने जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाहीये. नवरा इंजेक्शनने नशा करायचा, त्यानेच तिला लावलं, आणि सुई आधी त्याची मग त्याच सिरिंजने हिची, म्हणजे एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्हीचा धोका.

आता ती ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेच्या जागी देतात त्या औषधावर. गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत तिथेच नर्ससमोर बसायचं, आणि हे रोज. रोज म्हणजे एसटीने दोन तास जाऊन परत, घरी काय सांगणार? सेंटरवर सगळे पुरुष, एक दोन ओळखीचे निघाले तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीत बातमी. गरोदर असताना तिला तिथलं कोणीतरी म्हणालं की आधी सगळं सोड मग ये!! अहो, गरोदरपणात हे औषध अचानक बंद करणंच धोक्याचं असतं, देखरेखीखाली चालू ठेवतात. मला खरंच रडू आलं.

बायकांसाठी वेगळी वेळ द्या, बाई नर्स ठेवा, स्थिर झालेल्यांना काही दिवसांचे डोस घरी न्यायला द्या, नव्या सुया आशाताईंसारख्या कोणाकडून गुपचूप पोचवा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने सुया वाटणं, हे औषध देणं याला संरक्षण दिलंय, मग अडतंय कुठे?

पुढच्या सोमवारी मी तिच्यासोबत जाणारे, पोराला मी सांभाळेन.