पॉलिशर मिळाला, प्लग मिळेना

गाडीला कोणता पॉलिशर घ्यावा, असं हल्ली मला ओळखीचे लोक विचारतात. मी उलट विचारते, तुमच्या पार्किंगमध्ये प्लग आहे का? त्यांना वाटतं मी विषय टाळतेय.

मशीनची निवड खरं तर फार अवघड नाही. माझी गाडी काळी. गाड्या पुसणारा रोज एकाच बादलीत तेच फडकं बुडवून तिच्यावर फिरवतो, त्यामुळे उन्हात बॉनेटवर गोल गोल ओरखडे चमकायचे. ते काढायला दुकानात 'कार पॉलिशर' मागितला की बहुतेक वेळा पुढ्यात येतो रोटरी. ग्राइंडरचाच सख्खा भाऊ. पॅड एकाच जागी गरगर फिरतो, ओरखडे भराभर काढतो, पण हात रेंगाळला की रंगही तितक्याच भराभर जाळतो. कंपनीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा. हौसेखातर करणाऱ्याने ड्युअल ॲक्शन घ्यावा. त्यात पॅड फिरता फिरता झोकेही घेतो, आणि जास्त दाबलं किंवा पॅड तिरका धरला तर त्याचं फिरणंच बंद पडतं. काम खोळंबतं, पण रंग वाचतो.

ऑनलाइन मात्र रोटरीच्या खोक्यावरही 'ड्युअल ॲक्शन' बिनदिक्कत छापलेलं असतं. खरा ड्युअल ॲक्शन असेल तर त्याचा थ्रो, म्हणजे पॅड किती मोठा झोका घेतो ते, मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं: ८, १२, १५, २१. तो आकडा कुठेच नसेल, वर एम१४ स्पिंडल आणि ६०० ते ३००० आरपीएम असं लिहिलेलं असेल, तर तो रोटरी समजा. २१चा थ्रो मोठ्या सपाट पत्र्यावर झकास चालतो, पण छोट्या गाडीच्या वळणांवर अडखळतो. ८चा सगळीकडे जातो, पण वेळ खातो. मी १५चा घेतला, पॅड जिच्यावर चिकटतो ती प्लेट पाच इंची. इटलीच्या रुपेसचं मशीन हातात धरून पाहिलं होतं, किंमत ऐकून तितक्याच अदबीने परत ठेवलं. वाचलेले पैसे पॅडवर घालवले आणि त्याचा आनंदच आहे. पॅड पॉलिशने लवकर भरतात, एका गाडीला दोन-तीन पॅड पुरत नाहीत.

आत्येभाऊ न्यू जर्सीहून मशीन आणून देतो म्हणत होता. तिथलं मशीन १२० व्होल्टचं. इथे थेट लावलं तर मोटर गेलीच, आणि धोंड्यासारखा जड ट्रान्सफॉर्मर पार्किंगमध्ये कोण वागवणार?

आता प्लग.

आमची इमारत जुनी. पार्किंगमध्ये दिवे आहेत, प्लग नाही. एक होता, पण पूर्वी कुणीतरी त्यावर स्कूटर चार्ज करायचं म्हणून त्याच्यावर पत्रा ठोकलाय. घरून वायर सोडायची तर ती खालच्यांच्या गॅलरीसमोर लोंबणार. म्हणून सोसायटीकडे रीतसर अर्ज केला की महिन्यातून एखाद्या रविवारी कॉमन मीटरवरून वीज मिळावी, पैसे भरते.

"वहिनी, लोड किती घेतं हे?" सेक्रेटरी काकांनी विचारलं.

"९०० वॅट, काका. इस्त्रीएवढंच."

"पण इस्त्री तुम्ही घरात करता."

यावर काय बोलणार? मी कागदावर हिशेब मांडला. पूर्ण लोडवर सलग चार तास चालवलं तरी ३.६ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर ३६ रुपये. वर्षाचे पाचशे आधीच भरते म्हटलं. खजिनदारांना ते आवडलं नाही. हे पाचशे कोणत्या हेडखाली दाखवायचे? ऑडिटर विचारेल. ऑडिटरला नवं हेड उघडणं जड जातं, ही माहिती मला नवीन होती.

विषय पुढच्या मीटिंगला गेला. तिथे कोरम झाला नाही. त्याच्या पुढच्या मीटिंगमध्ये नवी शंका निघाली: हा व्यवसाय तर नाही ना? मग, मशीन साहेब चालवणार का? मी चालवणार म्हटल्यावर जरा वेळ शांतता, आणि मग हुकमी पत्ता पडला: आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे इलेक्ट्रिक गाड्या लावतील.

एवढ्यात गणपती आले. त्याच पार्किंगमध्ये मांडव पडला. हॅलोजन, दिव्यांच्या माळा, स्पीकर, कॉफीचं मशीन, सगळं त्याच कॉमन मीटरवर. लोडचं नाव कुणी काढलं नाही. मी आरतीला रोज गेले आणि रोज त्या वायरींकडे बघत राहिले.

मधल्या काळात बॅटरीवरच्या मशीनचाही विचार केला. १८ व्होल्ट, ५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॅट-अवर. मशीनने ४०० वॅट ओढले तरी पाव तास चालणार नाही. एका दरवाजाला एक बॅटरी! ज्यांच्याकडे त्याच कंपनीच्या ड्रिलच्या चार बॅटऱ्या आधीच पडून आहेत, त्यांनी खुशाल घ्यावं. मला परवडेना.

शेवटी मार्ग निघाला तो पंखा दुरुस्त करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनमुळे. मीटरच्या खोलीसमोर उभा राहून तो म्हणाला, "मॅडम, तुमचा मीटर इथंच खाली आहे की. त्याच्यावरून लाइन काढा, सोसायटीची वीज हवीय कशाला?" इतक्या मीटिंगांमध्ये हे कुणालाच सुचलं नव्हतं. कुलूप लावता येईल अशा डबीत सॉकेट, लोड वाढला की पडणारा स्वतंत्र एमसीबी आणि वीज गळून शॉक बसायची वेळ आली की लाइन तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, असं सगळं तपकीर गल्लीतून आणलं. आरसीसीबीवर पैसे वाचवू नका, गाडी धुतलेल्या ओल्या फरशीवर उभं राहूनच हे काम करायचं असतं. परवाना असलेल्या माणसाकडूनच जोडून घ्या, त्याचं पत्र कमिटीलाही लागतं. तरी अट आलीच: पाइप भिंतीच्या रंगाचा हवा आणि दुपारी एक ते चार मशीन बंद. पुण्यात राहते, दुसरी अट मी गृहीतच धरली होती.

त्या रविवारी बॉनेटवर ट्यूबलाइट सरळ रेषेत उमटलेली दिसली तेव्हा मी खजिनदारांना मुद्दाम हाक मारून दाखवली.

राहिलेलं सांगते. एक्स्टेंशनची वायर १.५ स्क्वेअर मिलिमीटरची घ्या आणि रिळावरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारा, पॅड खरंच फिरतोय की नुसता थरथरतोय ते लगेच कळतं. पॉलिश लावण्याआधी गाडी धुऊन क्ले, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवायलाच हवा, नाहीतर चिकटलेली कचकच पॅडखाली येते. आधी दोन फुटांच्या चौकोनात सगळ्यात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिश वापरून बघा, भागलं तर पुढे जाऊच नका. बंपर प्लास्टिकचा असतो, उष्णता पत्र्यासारखी पसरू देत नाही, तिथे हात हलका. पत्र्याच्या कडांवर आणि काळ्या रबरावर टेप लावा. बोअरच्या पाण्याचे जुने पांढरे डाग खोल गेले असतील तर थोडे राहू द्या, क्लिअर कोट पुन्हा येत नाही.

आणि अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर सही-शिक्का घ्या. माझा पहिला अर्ज फाइलमध्ये 'दिसत नाहीये' असं मध्येच सांगितलं गेलं, तेव्हा ती पोचच कामाला आली.