तुम्ही विचारलंत म्हणून: एकत्र कुटुंबं मोडली का?

कुटुंब आणि लोकसंख्या यांचा अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असतं: मोडली, आणि माणसं स्वार्थी झाली म्हणून मोडली. पण आधी मोजलं काय, ते बघू.

पाहणीत मोजली जाते ती चूल. एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. एकाच वाड्यात दोन भाऊ राहतात, गॅस वेगळे आहेत, तर कागदावर ती दोन विभक्त कुटुंबं. सातबारा मात्र सामाईक, आईच्या औषधांचा खर्च निम्मानिम्मा आणि गणपती एकच. इरावती कर्वे यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाची व्याख्या केली, तीत छप्पर आणि चूल यांच्याबरोबर सामाईक मालमत्ता, देवपूजा आणि नातं हेही धरलं होतं. गुजरातेत महुवा या गावातल्या कुटुंबांचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनीही राहण्यातली एकत्रता आणि नात्यातली एकत्रता वेगळी मानली. माझ्या मते हा भेद विसरून काढलेला कुठलाही टक्का विश्वासाचा नाही.

चूल मोजणंही सोपं नाही. "घरात किती जण?" एवढंच विचारलं, तर बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी यादीत येते. पुण्यात खोली घेऊन शिकणारा मुलगाही येतो आणि तिकडे पुन्हा मोजला जातो. म्हणून प्रत्येकाबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: एरवी इथेच राहतात का? काल रात्री इथे झोपले होते का? आईवडील पाळीनं महिना-महिना मुलांकडे राहत असतील, तर कधी दोन्ही घरं त्यांची नावं सांगतात, कधी एकही नाही. तान्ही मुलं तर फार सुटतात. त्यामुळे यादी संपली असं वाटलं की थांबून, "तान्हं बाळ कुणी राहिलं का?" असं मुद्दाम विचारावं.

खरी चूक नात्याच्या रकान्यात होते. फक्त कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं लिहिलं, तर दोन सुना आणि पाच नातवंडांच्या घरात पाचही मुलांपुढे "नातवंड" एवढंच येतं. कोणतं मूल कोणाचं, हे नंतर काही केल्या कळत नाही. त्यासाठी आई, वडील आणि नवराबायको यांचे त्याच यादीतले अनुक्रमांक प्रत्येकासमोर लिहावेत. तीन रकाने वाढतात, पण घरातलं सगळं नातं त्यांतून उभं राहतं.

आता लोकसंख्येची बाजू, जी या प्रश्नात नेहमी राहून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील त्याचा अंदाज, सुमारे २.९ अपत्यं होता. २०१९-२१ मध्ये तो १.७ झाला. मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता सारखी धरून साधा हिशेब करा. चार अपत्यं असलेल्या सोळा घरांपैकी अकरा घरांत निदान दोन भाऊ असतात. दोनच अपत्यं असली, तर चार घरांपैकी एकाच घरात. बाकीच्या तीन घरांत भावाभावांनी एकत्र राहायचा प्रश्नच येत नाही, कारण दुसरा भाऊ जन्मालाच आलेला नाही. तिथे ना वाटणी झाली, ना सुनेनं घर फोडलं. पुढच्या पिढीत त्या घराला चुलते नाहीत, चुलत भावंडं नाहीत, आणि सुनेला जाऊ नाही. उलट आयुर्मान वाढल्यामुळे नातवाच्या लग्नाला आजी असणं आता पूर्वीइतकं दुर्मिळ नाही. नात्यांचा विस्तार आडवा आकसतो आणि उभा वाढतो.

त्याच हिशेबात चारांपैकी एका घरात दोन्ही मुलीच आहेत. त्या आईवडिलांनी म्हातारपणी कोणाकडे राहायचं, हे आपल्याकडच्या रीतीनं अजून नीट ठरवलेलं नाही आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. चुलीच्या यादीत तो दिसतच नाही. तो दिसायला घराबाहेरच्या अपत्यांची दुसरी यादी लागते: मुलगा की मुलगी, कुठे राहतात, यायला किती वेळ लागतो, शेवटची भेट कधी झाली, पैसे कोण कोणाला देतं, दवाखान्यात सोबत कोण जातं. हे आईवडिलांना एकेकटं विचारावं. मुलासमोर विचारलं की जवळजवळ सगळेच म्हणतात, "काही कमी नाही."