अंगणातील सरपणाचा बॉयलर: निवड झाली, चर खणायचा बाकी

सध्याची स्थिती आधी नोंदवतो. बॉयलर ठरला आहे, त्याच्यासाठी काँक्रीटचा ओटा घालून झाला आहे आणि तिथून घरापर्यंत गरम पाण्याच्या नळ्यांसाठीचा चर जमीन गोठण्यापूर्वी खणून घ्यायचा आहे. आमचे घर न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, सेंट लॉरेन्स काउंटीत आहे. इथे जानेवारीच्या रात्री पारा उणे 15 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 26 सेल्सिअसच्या आसपास उतरला, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. आजवर घर तेलावर तापत आले आहे. तळघरातला बॉयलर पाणी तापवतो आणि ते भिंतींलगतच्या बेसबोर्डमधून, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या तापकांतून, फिरते. घरामागच्या रानात मेपल आणि बीच ही झाडे भरपूर आहेत, शिवाय हिरव्या भुंग्याने पोखरून वाळवलेले ॲशही बरेच आहेत. दारात एवढे जळण असताना टँकरची वाट पाहणे पटेनासे झाले, हे या खटाटोपाचे मूळ.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की जुन्या पद्धतीचा बाहेरचा बॉयलर म्हणजे आपल्याकडचा तांब्याचा बंब खोलीएवढा करून अंगणात ठेवावा तसा असतो: मध्ये आग, भोवती पाणी, वर धुराडे. फरक असा, की इथले पाणी काढून घेतले जात नाही. पंप ते जमिनीखालच्या नळ्यांतून घरात नेतो आणि उष्णता देऊन झाली की परत आणतो. पाण्याची टाकी हवेला उघडी असते, त्यामुळे दाब साठत नाही. धूर, राख आणि लाकडाचा कचरा घराबाहेर राहतो, हा या पद्धतीचा खरा फायदा. 

निवडीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कंपनीचा नसून आकाराचा आहे, आणि त्यावर विक्रेत्यांचे आणि माझे काही जमले नाही. एका विक्रेत्याने घराचे क्षेत्रफळ विचारले, मनात काही गुणाकार केला आणि ताशी दीड लाख बीटीयूंहून (बीटीयू हे उष्णतेचे एकक) अधिक क्षमतेचे यंत्र सुचवले. मोठी भट्टी असली की दिवसातून एकदा लाकूड घातले की काम झाले, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. क्षेत्रफळावरून घराची गरज कळत नाही. ती तेलाच्या पावत्यांवरून कळते, आणि पावत्या प्रत्येकाकडे असतात.

आमचे वर्षाचे तेल साधारण 900 गॅलन. एका गॅलनमध्ये सुमारे 1,38,500 बीटीयू असतात आणि आमच्या बॉयलरची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर घराला वर्षभरात सुमारे 10 कोटी 60 लाख बीटीयू मिळतात. त्यातले अंघोळीच्या व स्वयंपाकघरातल्या गरम पाण्याचे दीड कोटीहून थोडे अधिक वजा केले, की घर तापवण्यासाठी 9 कोटी उरतात. आमच्या भागात 65 फॅरनहाइटच्या आधाराने वर्षाला अंदाजे 8,000 डिग्री-दिवस धरतात, म्हणजे रोजचे सरासरी तापमान 65 च्या खाली जितके अंश असते त्यांची वर्षभराची बेरीज. 9 कोटींना 8,000 ने आणि मग 24 तासांनी भागले, तर बाहेरचे तापमान 65 च्या खाली जितके अंश असेल तितक्या प्रत्येक अंशामागे ताशी सुमारे 470 बीटीयू लागतात, असे निघते. उणे 15 ला हा फरक 80 अंशांचा होतो. म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईट रात्री घराची गरज ताशी 37,500 बीटीयूंच्या आसपास आहे. ऑक्टोबरातल्या 50 अंशांच्या दिवशी तीच गरज जेमतेम 7,000 भरते. सुचवलेले यंत्र भर थंडीतही आपल्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर चालले असते आणि ऑक्टोबरात तर त्याला जवळपास झोपूनच राहावे लागले असते.

ते झोपणेच नडते. पाणी ठरलेल्या तापमानाला, समजा 185 फॅरनहाइटला, पोहोचले की हवेचे झडप बंद होते. आग विझत नाही. ती हवेअभावी घुसमटत राहते, लाकडातून निघालेला वायू न जळताच धुराड्यावाटे जातो किंवा थंड पोलादावर क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखा थर, होऊन चिकटतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी, काळवंडलेली धुराडी आणि गंजलेल्या भट्ट्या यांचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. गॅसिफिकेशन पद्धतीच्या बॉयलरमध्ये ज्वाळा खाली वळवून उष्णतारोधक विटांच्या कप्प्यात नेतात आणि तो वायू तिथे सुमारे 2,000 फॅरनहाइटला जाळतात, त्यामुळे भरात चालताना धुराड्यातून फारसे काही दिसत नाही. पण यंत्र गरजेपेक्षा फार मोठे घेतले, तर तेही बंद-चालूच्या चक्रात सापडते आणि दर वेळी नव्याने पेट घेताना धूर सोडते. म्हणून गॅसिफिकेशनच्या मालिकेतले सर्वांत लहान यंत्र घ्यायचे, असे मी ठरवले. थंडीत दोन वेळा लाकूड घालावे लागेल. त्याला माझी हरकत नाही.

नियमांनी निवड सोपी केली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2015 मध्ये आणलेल्या मानकांचा दुसरा टप्पा 15 मे 2020 पासून लागू आहे, आणि त्यानुसार नव्या बॉयलरमधून दर दहा लाख बीटीयू उष्णतेमागे 0.10 पौंडाहून अधिक धुराचे कण बाहेर पडता कामा नयेत. चाचणी नेहमीच्या फोडलेल्या सरपणावर केली असेल, तर ही मर्यादा 0.15 आहे. साध्या भट्टीला हे जमत नाही, त्यामुळे नवीन घ्यायचा तर गॅसिफिकेशनचाच. न्यूयॉर्क राज्याच्या 2011 च्या नियमाप्रमाणे घरगुती आकाराचा नवा बॉयलर शेजारच्या हद्दीपासून किमान 100 फूट दूर हवा आणि धुराड्याचे टोक जमिनीपासून किमान 18 फूट उंच हवे. आमचा ओटा कुठे घालायचा, हे या 100 फुटांनीच ठरवले.

जुने, वापरलेले यंत्र स्वस्तात मिळते, हे खरे आहे. पण लाकडाचा हिशेब मांडला की स्वस्ताई उरत नाही. 20 टक्के ओलाव्याच्या मेपलच्या एका कॉर्डमध्ये, म्हणजे 128 घनफुटांच्या रचाईत, ढोबळमानाने 2 कोटी 40 लाख बीटीयू असतात. नव्या यंत्रात प्रत्यक्ष वापरात 60 टक्के हाती लागले तर आमची वर्षाची गरज साडेसात कॉर्डमध्ये भागते; जुन्यात 40 टक्केच लागले तर 11 कॉर्ड लागतात. तो साडेतीन कॉर्डचा फरक दरवर्षी तोडायचा, फोडायचा आणि रचायचा आहे.

ओलाव्याच्या बाबतीत नव्या यंत्रांचे चोचले अधिक असतात. ओलावामापकाच्या सुया लाकडाच्या वाळलेल्या टोकाला टोचून समाधान मानण्यात अर्थ नाही. गेल्या वसंतात फोडून रचलेल्या ॲशचा एक जाड ढलपा मी पुन्हा उभा चिरला: बाहेरच्या अंगाला आकडा 17 होता, तर नुकत्याच उघडलेल्या, किंचित गार लागणाऱ्या पृष्ठभागावर 26. या 26 टक्क्यांतले पाणी वाफ होताना पौंडामागे हजाराहून अधिक बीटीयू घेऊन जाते आणि खालच्या कप्प्यातली ज्वाळा टिकत नाही. त्यामुळे यंदाचे सरपण चार-पाच इंचांहून जाड ठेवलेले नाही, आणि ओक असेल तर तो दोन उन्हाळे पाहिल्याशिवाय भट्टीत जाणार नाही.

आता चराविषयी, कारण पैसे वाचवण्याचा मोह सगळ्यांत जास्त इथेच होतो. माझ्या परिचयातल्या एका घरी पन्हाळीदार नळीत बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे वेष्टण असलेली नळ्यांची जोडी पुरलेली आहे. फेब्रुवारीत त्यांच्या अंगणात गुडघाभर बर्फ असताना बॉयलरपासून घरापर्यंत हातभर रुंदीचा ओला, हिरवा पट्टा उघडा पडलेला असतो. तिथे दोन्ही टोकांना तापमापक लावून पाहिले, तेव्हा जाण्यायेण्यात मिळून 2 अंश कमी होत होते. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण मिनिटाला 8 गॅलन वाहणाऱ्या पाण्यात प्रत्येक अंशामागे ताशी 4,000 बीटीयू असतात, म्हणजे ताशी 8,000 बीटीयू जमिनीत जात होते. आमच्या घराला ऑक्टोबरात एवढेही लागत नाहीत. सात महिन्यांचा हिशेब केला तर अडीच कॉर्डहून अधिक लाकूड त्या पट्ट्याखालचे गवत उबदार ठेवण्यात जाते. आमच्याकडे बंद पेशींचा फोम थेट नळ्यांभोवती ओतून भरलेली, बाहेरून जलरोधक आवरणाची एक इंची पेक्स (गरम पाण्याच्या प्लास्टिकची) नळी येणार आहे. फुटामागे तिची किंमत डोळे पांढरे करणारी आहे, पण चरात पाणी साचणारच हे धरून चालले की दुसरा पर्याय उरत नाही.

तळघरात बाहेरचे उघडे पाणी आणि बेसबोर्डचे दाबाखालचे पाणी एकमेकांत मिसळू द्यायचे नाही, म्हणून मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर बसेल; तो पाणी न मिसळता पातळ पत्र्यांतून फक्त उष्णता पलीकडे देतो. तेलाचा बॉयलर जागेवरच राहील. आम्ही गावाला गेलो तर घर त्याच्यावर सोडता येईल. परतीचे पाणी 140 अंशांच्या खाली गेले तर भट्टीच्या भिंतींना घाम फुटतो आणि आम्लयुक्त ओल पोलाद खाते, यासाठी परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारे थर्मोस्टॅटिक मिश्रण झडप घेतले आहे. पाण्यात गंजरोधक घालून ते दरवर्षी तपासून घ्यायचे आहे. पोलादाच्या प्रतीवरून, 409 स्टेनलेस की जाड कार्बन स्टील, शौकीन मंडळींत कायम वाद झडतात. माझ्या मते परतीचे तापमान आणि पाण्याची निगा सांभाळणाऱ्याचे दोन्ही टिकते.

शेवटी मिनेसोटातील ग्रीनबुशचे सेंट्रल बॉयलर आणि मॅनिटोबातील विंकलरचे हीटमास्टर ही दोन नावे उरली होती. दोघांचेही लहान गॅसिफिकेशन मॉडेल आमच्या गरजेत बसते, तेव्हा सुटे भाग जवळच्या दुकानात कोणाचे मिळतात, यावर निर्णय केला. पंखा किंवा सेन्सर जानेवारीत बंद पडला तर तो त्याच दिवशी हाती यायला हवा.

एक गोष्ट अजून अनिर्णित आहे. तळघरात 500 गॅलनची साठवण टाकी बसवली आणि तिच्यात 40 अंशांचा चढउतार मिळाला, तर साधारण 1,66,000 बीटीयू साठतात. ऑक्टोबरात ते जवळजवळ पूर्ण दिवस पुरतात आणि बॉयलर भरात जाळून बंद ठेवता येतो, पण भर थंडीच्या रात्री ते साडेचार तासांत संपतात. एवढ्यासाठी तळघराचा कोपरा आणि टाकीचे पैसे आत्ताच घालवावेत का, हे यंदाच्या शरद ऋतूतली बंद-चालूची चक्रे पाहिल्यावर ठरवीन. तोवर मुख्य नळीला दोन टी-जोड आणि त्यांपुढे बंद झडपा बसवून ठेवत आहे, म्हणजे पुढे टाकी जोडायची झाली तर सगळे पाणी काढावे लागणार नाही. चर बुजवण्याआधी नळ्यांत हवा भरून रात्रभर दाब टिकतो का ते पाहीन, आणि पुढची नोंद ती चाचणी पार पडल्यावर करीन.