कुंभार्ली घाट, जुनी मारुती ८०० आणि वर चढणारा काटा

बाबांची मारुती ८०० आहे १९९७ची, कार्बोरेटरवाली. मे महिन्यात तीच घेऊन आम्ही दोघं पुण्याहून गुहागरला गेलो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. गुहागरला दोन दिवस मुक्काम, व्याडेश्वराचं दर्शन, समुद्र, आंबे, सगळं मनासारखं झालं. पण जुनी गाडी घेऊन या वाटेने जाणार असाल, तर तिचं इंजिन का तापत होतं हे सांगणं जास्त गरजेचं आहे.

पहाटे साडेपाचला निघालो. अर्धा तास झाला तरी तापमानाचा काटा तळाला चिकटलेला. "बघ, किती थंड चालतेय," बाबा खुशीत म्हणाले. मलाही बरं वाटलं. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. इतका वेळ पळूनही काटा मधोमध येत नसेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे, म्हणजे ते निववणाऱ्या पुढच्या जाळीकडे, जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय. पुढे हीच गोष्ट उपयोगी पडली.

खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभे असताना काटा सरसर वर आला. रांग सुटली, गाडीने वेग घेतला, काटा खाली. खंबाटकी घाटात पुढे ट्रकची रांग होती, पहिला-दुसरा गिअर सोडवेना. काटा लाल पट्टीला भिडला तेव्हा एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर जोरात सोडला. हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच. मे महिन्यात जीव नकोसा होतो, पण काटा बोटभर खाली येतो. तेवढ्यावर घाट पार झाला.

सुरूर फाट्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली. उभी असताना तापते आणि पळताना निवते, म्हणजे हवा कमी पडतेय. बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, काटा वर गेला तरी पंखा हलेना. इंजिन बंद करून पंख्याच्या थर्मोस्विचचा (पाणी तापलं की पंखा चालू करणारा स्विच) कनेक्टर काढला आणि त्यातली टोकं तारेच्या तुकड्याने जोडली. चावी फिरवताच पंखा गरगर फिरू लागला. म्हणजे मोटर, फ्यूज, वायरिंग ठीक, स्विच मेलेला. तारेवर टेप गुंडाळून तसेच पुढे निघालो. असं केलंत तर मुक्कामी पोचल्यावर तार आठवणीने काढा, नाहीतर काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा फिरत राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते.

गुहागरपर्यंत काही त्रास झाला नाही. मला वाटलं, दोष सापडला.

परतताना चिपळूणहून निघायलाच अकरा वाजले. ही माझी चूक. हा चढ सकाळी सातच्या आत धरावा. पोफळी मागे पडली, चढ सुरू झाला, पंखा फिरतोय, पुढे एकही ट्रक नाही, आणि तरी काटा वर. आता हवेला दोष देता येईना. रुंद वळण बघून थांबलो. वाफ येत नव्हती, म्हणून इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं चालू ठेवलं. बंद केलं की पाण्याचा पंप थांबतो आणि हेडमधली (इंजिनाचा वरचा भाग) उष्णता तिथेच कोंडते. वाफ दिसली तर मात्र त्याच क्षणी बंद करावं. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा वाकलं की खर्च मोठा.

रेडिएटरच्या झाकणाला पाऊण तास हात लावायचा नाही. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण उघडलंत की एका क्षणात उसळतं. चेहरे भाजतात ते असे.

पंख्याचा कनेक्टर काढून ठेवला आणि फडकं धरून पाइप चाचपले. वरचा कढत, खालचा जेमतेम कोमट. याचा अर्थ पाणी नीट फिरत नाहीये. एरवी पहिला संशय बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटवर आला असता. पण पहाटेचा तो तळाला चिकटलेला काटा आठवला. पाणी अडवणारा थर्मोस्टॅट असता तर काटा इतका वेळ खाली राहिलाच नसता. मग उरले पंप आणि रेडिएटर. पंपाखाली गळती नव्हती, बेल्ट घट्ट होता. रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला तर खालचा अर्धा भाग चक्क गार. आतल्या नळ्या तुंबल्या होत्या. सपाट रस्त्यावर उरलेल्या नळ्यांवर भागत होतं, चढावर भागेना.

हेड गॅस्केटचीही (हेड आणि इंजिनाच्या मधली पट्टी; ती फाटली की पाणी तेलात किंवा सिलिंडरमध्ये शिरतं) खात्री केली. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ चहासारखं नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. निवल्यावर झाकण काढून इंजिन चालू केलं, तर पाण्यात सतत बुडबुडेही येत नव्हते. मोबाइलला रेंज नव्हती. जवळचं पाणी इंजिन चालू ठेवून हळूहळू ओतलं आणि उतारावरून परत चिपळूणला आलो.

बहादूरशेख नाक्याजवळ एका चाचांचं रेडिएटरचं काम चालतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं घालता? बोरचं?" बाबांनी मान हलवली. वरची टाकी सोडवून नळ्यांत सळ्या घातल्या तेव्हा लालसर चिखल आणि क्षाराच्या खपल्या निघाल्या. थर्मोस्टॅटची जागा रिकामीच होती. दोन वर्षांपूर्वी गाडी तापते म्हणून एका मेकॅनिकने काढून टाकला होता, हे बाबांना तेव्हा आठवलं. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट आहे. खरा दोष झाकला जातो, इंजिन थंड चालून पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरल्याने ते उलट जास्त तापतं.

तीन तास लागले. नवा थर्मोस्टॅट, नवा थर्मोस्विच, नवं झाकण, आणि बोरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मंनिम्मं. जुन्या गाडीत निघताना पाच लिटर साधं पाणी, वायरचा तुकडा, टेप आणि एक जाड फडकं ठेवाच. घाटात तिसऱ्यात इंजिन कुंथवू नका. दुसऱ्यात मोकळं चालू द्या, म्हणजे पंपही जोरात फिरतो. पावसाळ्यात जाणार असाल तर दरड पडून घाट बंद नाही ना, हे आधी विचारून घ्या.

दुपारी साडेचारला पुन्हा चढ धरला. काटा मधोमध येऊन थांबला. बाबा सारखे वाकून बघत होते, "वर आलाय रे." मी म्हटलं, "बाबा, त्याची जागा तीच आहे." हेळवाकला चहाला थांबलो, तेव्हा बॉनेट उघडून, पंख्यापासून हात लांब ठेवत त्यांनी फडक्याने खालचा पाइप धरून पाहिला. तोही आता गरम होता.