एका टेस्टचे गडी

मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनीही चाळिशी ओलांडलीय, पण रविवारी सकाळी सांगलीत विश्रामबागला चहाच्या गाड्यावर भेटलो की एक खेळ ठरलेला असतो. तो एक नाव टाकणार, मी त्या गड्याची कुंडली मांडायची, मग माझी पाळी. नियम दोनच. दहापेक्षा जास्त टेस्ट खेळलेला चालत नाही आणि मोबाईल खिशातनं काढायचा नाही. गावसकर, कपिल असल्यांची नावं घेऊन मार्क मारणारे गल्लोगल्ली आहेत, त्यात काय मजा?

मध्ये एकदा शेजारी बसलेले एक आजोबा आमचं ऐकत होते, म्हणाले, "अरे विजय हजारे घ्या की, आपल्या सांगलीत जन्मलेत!" त्यांना सांगितलं की काका, ज्याच्या नावाची ट्रॉफी चालू आहे तो इथं बाद. आजोबांना राग आला. थोडा वेळ नुसता चहा फुंकत बसले आणि मग म्हणाले, "बरं मग, भाऊसाहेब निंबाळकर." हा मात्र बसतो, कारण टेस्ट शून्य! कोल्हापूरचा माणूस, 1948-49 च्या रणजीत पुण्यात महाराष्ट्राकडनं नाबाद 443, ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी 452 ला नऊ कमी, आणि समोरच्या काठियावाडच्या कॅप्टनने ब्रेकमध्ये मॅचच सोडून दिली. पुढं खेळायलाच तयार नाहीत. आजोबा हे असं सांगत होते जणू काल दुपारी त्यांच्यादेखत झालंय, आणि त्या कॅप्टनला त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत.

माझा हुकमी एक्का म्हणजे नीलेश कुलकर्णी. डोंबिवलीचा उंच डावखुरा स्पिनर. 3 ऑगस्ट 1997, रविवार, कोलंबो. आपण 537 वर डाव सोडलेला, श्रीलंकेची बॅटिंग, पोराच्या हातात टेस्टमध्ये पहिल्यांदा बॉल आला आणि पहिल्याच बॉलला अटापट्टू, कॅच मोंगिया! टेस्टमधल्या आपल्या पहिल्या बॉलला विकेट घेणारा पहिला भारतीय. आमच्या घरात आरडाओरडा, कुलकर्णी म्हणून आई जरा जास्तच खूश. मी शाळेत होतो तेव्हा, आणि माझी एक कात्रणांची वही होती, कणकेच्या खळीने चिकटवलेली, त्यामुळं तिला सारख्या मुंग्या लागायच्या. पेपरात फोटो आला तो एका कोऱ्या पानावर सगळ्यात वर चिकटवला, खाली लाल स्केचपेननं "पहिल्याच बॉलला!!" असं लिहिलं, आणि बाकीचं पान मोकळं सोडलं, पुढच्या विकेटांसाठी.

सोमवारी शाळेत गेलो तेव्हा जयसूर्या आणि महानामा खेळत होते. शाळेतनं आलो, खेळत होते. मंगळवारी गेलो, आलो, खेळतच होते. पार बुधवार उजाडला तेव्हा ते दोघं फुटले, 576 ची पार्टनरशिप, जयसूर्या 340, टोटल 952. आणि आमच्या कुलकर्णीचे आकडे? 70 ओव्हर, 195 रन, विकेट एक, ती पहिल्या बॉलचीच. पुढं दोन टेस्ट मिळाल्या, त्यात मिळून अजून एक विकेट. वही अजून माळ्यावर आहे, ते पान तसंच मोकळं.

मावसभावाचा लाडका सुब्रतो बॅनर्जी. जानेवारी 1992, सिडनी, पहिलीच टेस्ट आणि पहिल्या डावात 47 रनमध्ये तीन विकेट, बरं की चांगलं? तर दुसऱ्या डावात त्याच्या हातात बॉलच दिला नाही, त्यानंतर टेस्टही दिली नाही. त्याच मॅचमध्ये समोर एक जाडसर पोरगा पहिल्यांदा खेळत होता, शेन वॉर्न. तो धुतला गेला, पण त्याला पुढं खेळवला. हे आठवलं की मावसभाऊ अजून चिडतो, एक कटिंग जास्त लागतो.

गुरशरण सिंगचं तर उलटंच. 1983 ला अहमदाबादच्या टेस्टमध्ये हा टीममध्ये नव्हता, बदली फील्डर म्हणून आला आणि चार कॅच घेऊन गेला, स्वतःची टेस्ट मिळाली 1990 ला ऑकलंडमध्ये. ती एकच.

मामांना आम्ही या खेळात घेत नाही कारण ते एकच मॅच सांगतात. 29 फेब्रुवारी 1996, वर्ल्डकप, पुणे. वेस्ट इंडिजच्या लाराला बघायचं म्हणून मामांनी ऑफिसात आजारी असल्याचा निरोप धाडला, रात्रीची एसटी धरली, पहाटे स्वारगेटला उतरले, नेहरू स्टेडियम तिथनं हाकेच्या अंतरावर. समोर केनिया, म्हणजे लारा किती मारतो एवढाच प्रश्न. केनिया 166 वर आऊट, मामा निवांत, सोबत नेलेलं भडंग तोवर संपवलेलं. मग लारा आला आणि आठ रन करून रजब अलीच्या बॉलवर कीपरकडं कॅच देऊन गेला. कीपर तारिक इक्बाल, चष्मा लावलेला, अंगानं गोल, सकाळपासनं त्याच्या हातात एक बॉल धड बसत नव्हता असं मामांचं म्हणणं, आणि नेमका हाच बसला. वेस्ट इंडिज 93 वर खल्लास. मामा रात्री परत, दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी विचारलं, काय मग, किती मारले लाराने?

मागच्या रविवारी मावसभावाने "केनियाचा कीपर" एवढंच टाकलं आणि माझं डोकं बंद. आडनाव ओठावर, येईना. मोबाईल काढायचा नाही हा नियम, पण फोन लावायचा नाही असं कुठं ठरलंय? मामांना लावला. अजून झोपलेले, आवाज जड. म्हटलं मामा, पुण्याची मॅच, तो कीपर...

"चष्मा," मामा म्हणाले, आणि मग नाव.