जोडणी साइटवरच

साखर शिजवायचा साडेपाच मीटर व्यासाचा पॅन आमच्या कुपवाडच्या शेडमध्ये बनतो, पण अख्खा कधीच गेटाबाहेर पडत नाही. रस्त्यात पूल, विजेच्या तारा, ट्रेलरची रुंदी. म्हणून प्लेटा रोल करून तुकडे न्यायचे आणि कारखान्यावर उभे करायचे. रॉकेटचंही हेच दुखणं आहे. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा ६.५ मीटरचा आणि एरियन-५ रॉकेटचं टोपण ५.४ मीटरचं, म्हणून १८ तुकड्यांचा आरसा दुमडून न्यावा लागला. पण दुमडून दुमडून किती दुमडणार? याहून मोठं हवं असेल तर वर जाऊनच जोडलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या गाळप हंगामाआधी मी घाई केली. शेडमध्ये ट्रायल फिट-अप, म्हणजे भाग एकदा जोडून बघणं, न करताच माल पाठवला. साइटवर वरचा भाग क्रेनला लटकलेला आणि फ्लँजची, म्हणजे जोडाच्या कडेची, बोल्टची भोकं आठ मिलिमीटर सरकलेली. भोकं जुळवायची निमुळती ड्रिफ्ट पिन ठोकून बघितली, पहारीनं रेटून बघितलं. शेवटी भोकं नव्यानं मारली. दोन दिवस गेले, क्रेनचं भाडं अंगावर आलं.

तेव्हापासून मला झार्या आणि युनिटी सारखे आठवतात. अंतराळ स्थानकाचे हे पहिले दोन भाग. झार्या मॉस्कोत बनला, युनिटी अमेरिकेत हंट्सव्हिलला. नोव्हेंबर १९९८ मध्ये एक कझाकस्तानातल्या बैकानूरहून उडाला, दोन आठवड्यांनी दुसरा फ्लोरिडातून. जमिनीवर त्यांची गाठच पडली नव्हती. अंतराळवीर नॅन्सी करी अमेरिकेच्या स्पेस शटल यानाच्या यांत्रिक हातानं १९ टनांचा झार्या युनिटीवर आणत होत्या, आणि मध्ये युनिटीच आडवा आल्यानं त्यांना जोड थेट दिसतही नव्हता. सगळी भिस्त कॅमेऱ्यांवर. तिथं आठ मिलिमीटर चुकले असते तर भोकं मारायला कोण जाणार होतं?

वेल्डिंगही झालंय वर. २५ जुलै १९८४ ला सोव्हिएत अंतराळवीर स्वेतलाना सावित्स्काया यांनी सॅल्यूत-७ या अंतराळ स्थानकाच्या बाहेर येऊन, हातात धरायच्या इलेक्ट्रॉन बीमच्या यंत्रानं धातू कापला आणि जोडला. आम्ही टिग वेल्डिंग करताना जोडाला हवा लागू नये म्हणून आर्गॉन वायू सोडतो. तिथं हवाच नाही, आणि या बीमला निर्वातच लागतं. पण हात! साधे चामड्याचे हातमोजे घालून रूट, म्हणजे जोडातला पहिला थर, मारताना माझं मनगट आखडतं. त्यांचे मोजे तर आतल्या दाबानं फुगून ताठ झालेले.

शेडमधल्या शिकाऊ मुलीला हे सांगितलं, तर तिनं लगेच विचारलं, "काका, मग वितळलेला धातू वर गळत न्हाई व्हय?" नाही गळत. वजनच जाणवत नाही, त्यामुळं पृष्ठताणानं तो जोडातच धरून राहतो. ती बराच वेळ स्वतःच्या ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावर वेल्ड केलेल्या, जोडाकडं बघत उभी होती.

१६ जानेवारी २०२५ ला आपल्या इस्रोनंही स्पेडेक्स मोहिमेचे दोन उपग्रह वर एकमेकांना जोडले. असं करणारा भारत चौथा देश. त्या दिवशी मी शेडमध्ये पेढे वाटले होते.

सध्या नव्या पॅनचं काम चालू आहे. या वेळी दोन्ही भाग शेडमध्येच एकावर एक चढवले, सगळे बोल्ट हातानं फिरवून बघितले. जुळणीच्या खुणांचे पंच त्या मुलीनं मारले. उद्या ट्रेलर येतोय.